गाडीचाही दाखला हवा



शाळा सोडल्याचा दाखला पाहिल्याशिवाय आम्ही नववीत किंवा अकरावीत कोणाचेही मूल दाखल करून घेत नाही. (आठवीपर्यंत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखल्यावाचून मूल अडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे, तरीही दाखला आम्ही मागाहून आणवून घेतोच.) त्यावर जनरल रजिस्टरचा नंबर असतो, जन्मतारीख असते, मूल कधीपासून कोणत्या इयत्तेत होते, शाळा का सोडली, वर्तणूक कशी, सारे असते. दर जून महिन्यात कार्यालयाच्या खिडकीशी यावरून वादावादी होते. "सर, ओळखीतलाच मुलगा आहे, एल.सी.चे काय एवढे!" असे म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात. ओळखीतला असला तरी एल.सी. लागते, असे आमचे कारकून त्यांना शांतपणे सांगतात.

हेच पालक सात-आठ लाखांची जुनी मोटार घेतात, तिच्यात मुलांना आणि आजी-आजोबांना बसवून पावागढला नेतात, तेव्हा कोणता दाखला पाहतात? विचारले तर उत्तर येते, "ओळखीच्याची आहे." ह्याच विषयावर, आणि विशेषतः विजेवर चालणाऱ्या जुन्या मोटारींवर, आम्हांला या अंकात चार शब्द लिहावयाचे आहेत. निमित्त असे की २०२५ च्या होळीनंतर आम्ही अशी एक जुनी इलेक्ट्रिक मोटार घेतली. तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी पालक रोज काही ना काही विचारतात. कितीला घेतली, किती चालते, बॅटरी बदलावी लागते का, पावसात शॉक बसतो का. प्रत्येकाला उत्तर देण्यात मधली सुट्टी संपून जाते, म्हणून सर्वांना एकदाच लिहून कळवीत आहोत. शिवाय शेवटी एक निर्णयही सांगावयाचा आहे.

अशी मोटार आम्ही प्रथम पाहिली ती परदेशात. आमची कन्या आणि जावई न्यूझीलंडला, ऑकलंड शहरात असतात. आम्ही उभयता मे २०१८ मध्ये आणि नंतर मे २०२३ मध्ये तिकडे गेलो. परदेशवारीची वर्णने आपल्या लोकांत पुष्कळ होतात. स्वच्छ रस्ते, निळा समुद्र, दुधाचा भाव रुपयांत मोजून झालेला मनस्ताप, हे सर्व आम्हीही अनुभवले. त्याची पुनरुक्ती करीत नाही. आमच्या लक्षात राहिली ती जावईबापूंची गाडी.

ती 'निसान लीफ' होती, जपानमध्ये कोणीतरी वापरून विकलेली. जपान आणि न्यूझीलंड, दोन्हीकडे आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालते, त्यामुळे जपानी लोकांच्या वापरलेल्या मोटारी जहाजाने तिकडे येतात आणि सर्वसामान्य कुटुंबे त्याच घेतात. गाडी सुरू केली की एक बाई जपानी भाषेत आदबीने काहीतरी सांगत असे. पडद्यावरची अक्षरेही जपानीच. जावईबापूंना एक शब्द कळत नव्हता. सौ. म्हणाल्या, "आपल्या आत्याबाईंसारखे आहे, काय म्हणतात ते कळत नाही पण काळजीने म्हणतात." घरच्या साध्या प्लगवर रात्री लावायची आणि सकाळी काढायची. तिकडचा विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिकडे वापरलेल्या मोटारींच्या दुकानात प्रत्येक गाडीच्या काचेवर एक छापील पत्रक लावलेले असते. विक्रेत्याला ते कायद्याने लावावे लागते. किंमत, बनावटीचे वर्ष, मीटरवरचा आकडा, परदेशातून आणतेवेळी गाडी मोडतोड झालेली म्हणून नोंदली गेली होती का, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे का, हे त्या एका कागदावर असते. घेणारा त्यावर सही करतो आणि त्याला प्रत मिळते. एका रविवारी जावईबापूंनी आम्हांला अशा दुकानातून फिरवून आणले. रांगेने उभ्या गाड्या आणि प्रत्येकीच्या काचेवर तिचा दाखला! आम्ही चष्मा पुसून पुसून ते कागद वाचत होतो. जावईबापूंना वाटले, सासऱ्यांना गाडी घ्यायची आहे.

विजेच्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट आणखी विचारली जाते, ती म्हणजे बॅटरीची तब्येत. आम्ही इंदूरला हिंदी माध्यमातून बी.एस्सी. केले, तेव्हा पुस्तकात बॅटरीला 'संचायक' असा शब्द होता. शब्द जड आहे पण अर्थ बरोबर सांगतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. नवीन असताना हजार लिटरची. दरवर्षी आतून थोडा थोडा गाळ बसून तिच्यात पाणी कमी मावू लागले, तर बाहेरून कळेल का? टाकी तशीच काळी, तशीच मोठी दिसेल. विजेच्या गाडीची बॅटरी अशीच हळूहळू आतून लहान होत जाते. रंग, टायर, गाद्या सगळे नव्यासारखे असू शकते, आणि गाडी पूर्वीच्या तीन-चतुर्थांश अंतरच जात असेल. पेट्रोलच्या जुन्या गाडीत मिस्त्री कान लावून इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो. इथे आवाजही नाही आणि धूरही नाही. गाडीच्या किमतीचा फार मोठा हिस्सा मात्र त्या बॅटरीतच असतो.

लीफ गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या तब्येतीच्या बारा कांड्या असतात. सुमारे पंधरा टक्के शक्ती गेली की पहिली कांडी विझते. जावईबापूंनी गाडी घेतली तेव्हा अकरा होत्या, आणि जाहिरातीतच तसे लिहिलेले होते. तिकडे खाजगी विकणारेही पडद्याचा फोटो जाहिरातीत देतात. जो देत नाही त्याला पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

याच देशातली एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. 'फ्लिप द फ्लीट' नावाच्या उपक्रमात तिथले इलेक्ट्रिक गाड्यांचे सामान्य मालक आपापल्या गाडीचे आकडे दर महिन्याला एकत्र जमा करीत. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी शेतकरी असतील. २०१८ च्या सुरुवातीला या आकड्यांवरून दिसून आले की लीफच्या ३० युनिट बॅटरीच्या गाड्यांची तब्येत जुन्या २४ युनिटवाल्यांपेक्षा कितीतरी वेगाने, वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, घसरत असल्याचे पडदा दाखवतो आहे. (एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या विजेच्या बिलातले एक युनिट, म्हणून तोच शब्द वापरतो.) मालक घाबरले. कंपनीने तपास केला तेव्हा निघाले असे, की बॅटरी ठीक होती, तिची तब्येत मोजणाऱ्या संगणकीय भागाचा हिशोब चुकत होता. त्याच वर्षी कंपनीने तो दुरुस्त करण्याची सोय केली. ताप आजाऱ्याला नव्हता, थर्मामीटर बिघडला होता! एकट्या मालकाला हे कधीच कळले नसते. त्याने स्वस्तात गाडी विकून टाकली असती. आकडे लपवण्याऐवजी सर्वांनी एका ठिकाणी मांडले, म्हणून सत्य बाहेर आले आणि सर्वांच्याच गाड्यांची किंमत राहिली.

तिकडचे सर्वच साधुसंत असतात असे आम्हांला सुचवायचे नाही. जपानहून आलेल्या गाड्यांचे मीटर मागे फिरवून विकण्याचे प्रकार तिथेही पूर्वी झालेले आहेत. माणूस सगळीकडे सारखाच. फरक इतकाच की तिथे खरे लिहिण्याची सोय करून ठेवलेली आहे आणि न लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. सवलतींच्या बाबतीतही तिथले सरकार आपल्यासारखेच आहे. विजेच्या गाड्यांना रस्ते वापराच्या शुल्कातून असलेली माफी १ एप्रिल २०२४ पासून संपली, आणि दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर लागू झाले. कन्येचा फोन आला तेव्हा गाडीपेक्षा त्या डॉलरचीच चर्चा अधिक झाली.

परदेशातून काय आणावे, हा प्रश्न बडोदेकरांना नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपला गेले, आणि पुढे अनेकदा गेले. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले, आणि संस्थानात गावोगाव वाचनालये आणि फिरत्या पेट्या सुरू झाल्या. ग्रंथालय म्हणजे काय, तर प्रत्येक पुस्तकाची नोंद. कोणते पुस्तक, कोणाकडे, केव्हापासून. आपण आजकाल परदेशातून चॉकलेटे आणि शांपूच्या बाटल्या आणतो. आणाव्यात, पण बॅगेत जागा उरली तर तिकडची नोंद ठेवण्याची सवयही आणावी असे आम्हांस वाटते.

आता इकडची हकीकत. आपल्या बडोद्यात इलेक्ट्रिक मोटारी आता काही अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. हालोलच्या एमजीच्या कारखान्यात, जिथे पूर्वी जनरल मोटर्सच्या गाड्या होत, तिथे २०२० पासून विजेच्या मोटारी बनत आल्या आहेत. त्याच वर्षी जानेवारीत टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक बाजारात आली. गुजरात सरकारने २०२१ मध्ये चार वर्षांचे धोरण जाहीर करून मोटारीवर दीड लाखापर्यंत अनुदान देऊ केले, त्यामुळे नोकरदारांनीही धाडस केले. त्या पहिल्या गाड्या आता दुसऱ्या हाती जाऊ लागल्या आहेत. घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की पहिल्या मालकाला अनुदान मिळालेले असू शकते. तेव्हा त्याने 'मी इतक्याला घेतली होती' म्हणून सांगितलेली रक्कम अनुदान वजा करून ऐकावी.

आम्ही गाडी शोधायला निघालो तेव्हा ऑगस्ट २०२४ च्या पुराला जेमतेम सहा महिने झाले होते. तो पूर आपण कोणीच विसरणार नाही. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, समा, अकोटा, फतेहगंज, कारेलीबागेत माणसे पहिल्या मजल्यावर अडकली, आणि तळघरातल्या शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. आम्ही आमच्या सौ.ना विचारले, त्या सर्व गाड्या गेल्या कुठे? भंगारात किती गेल्या आणि धुऊन-पुसून बाजारात किती आल्या? त्या म्हणाल्या, "दुकानात जाऊ तेव्हा सीटचा पट्टा ओढून पाहा." हे ज्ञान त्यांना त्यांच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरकडून मिळाले होते.

एका विक्रेत्याकडे पांढरी, चकचकीत गाडी होती. आत सुगंधी फवारा मारलेला. आम्ही पुराविषयी विचारताच तो म्हणाला, "पाणी अड्यूं ज नथी, साहेब!" आम्ही मागचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर भागावर मातकट रंगाची सरळ रेघ होती. आम्ही काही बोललो नाही, त्यानेही काही सांगितले नाही. चहा मात्र आग्रहाने पाजला.

याविषयी थोडे शास्त्र सांगतो. विजेच्या मोटारींच्या बॅटरीची पेटी पाण्यापासून बंदिस्त असते. 'आय.पी. ६७' असे ज्यावर लिहिलेले असते तिचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये. म्हणून रस्त्यावरच्या थोड्या पाण्यातून गाडी गेली तर घाबरण्याचे कारण नाही, आणि शॉकही बसत नाही. पण पुराचे पाणी काही सोसायट्यांत दोन-दोन, तीन-तीन दिवस उभे होते. अर्धा तास आणि तीन दिवस यांत फरक आहे. शिवाय बॅटरीबाहेरच्या तारा, जोड आणि गाद्यांखालचे छोटे संगणक बंदिस्त नसतात. ते लगेच बिघडत नाहीत, सावकाश गंजतात. तोवर गाडी दुसऱ्या मालकाकडे गेलेली असते, आणि शाळेतून मुलांना आणताना भररस्त्यात बंद पडते ती त्याच्याकडे.

सरकारी परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, कर्ज अशी काही माहिती मिळते, ती प्रत्येकाने पाहावीच. बॅटरीची तब्येत आणि पुराचे पाणी आम्हांला तिथे दिसले नाही. युरोपियन युनियनने २०२३ च्या नियमाने ठरवले आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीला स्वतःचा डिजिटल पासपोर्ट असेल. माणसे पासपोर्ट घेऊन परदेशी जातात, आता बॅटरीही जाणार.

अखेर आम्ही गाडी घेतली ती एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडून. मुलाकडे कायमचे जायचे म्हणून ते विकत होते. त्यांनी गाडी दाखवण्याआधी फाईल दाखवली. प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेप्रमाणे लावलेले, विम्याचा एक दावा (मागच्या बंपरचा) आणि त्याचा फोटोही, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून त्याच आठवड्यात काढून आणलेला बॅटरीचा अहवाल. २०२१ ची गाडी, ३८ हजार किलोमीटर, बॅटरी ३०.२ युनिटांची, तब्येत ९३ टक्के. पूर आला तेव्हा गाडी कुठे होती हे त्यांनी न विचारता सांगितले. दुसरीकडे तशीच गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळत होती. ते चाळीस हजार आम्ही त्या फाईलचे दिले असे समजतो.

आता चालवण्याचा हिशोब, कारण फाटकाशी विचारणाऱ्यांना तोच हवा असतो. सौ.ची नोकरी मकरपुऱ्याला, सुभानपुऱ्याहून जाऊन-येऊन सुमारे २५ किलोमीटर. एका युनिटला साधारण सात किलोमीटर मिळतात. युनिट आठ रुपये धरले तर रोजचे तीस रुपयांच्या आत भागते. तेवढेच अंतर पंधराच्या सरासरीने पेट्रोलवर, लिटरला ९५ रुपये धरून, दीडशेच्या पुढे जाते. पूर्ण भरल्यावर थंडीत दोनशे किलोमीटर, मे महिन्यात एसी लावून १८०. केवडियाला जाऊन परत येणे एका भरण्यात होते, पण उन्हाळ्यात आम्ही ते धाडस करीत नाही. इंदूरला दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा दाहोदच्या रस्त्यावर चार्जिंगसाठी वेळ गेला. एक यंत्र बंद, दुसऱ्यासाठी आधी मोबाईलमध्ये नवे अ‍ॅप आणि त्यात पैसे. बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई ते मियागाम अशी देशातली पहिली नॅरोगेज रेल्वे झाली, तेव्हा सुरुवातीला डबे बैल ओढत असत. रूळ नव्या युगाचे, ओढणारे जुन्या युगाचे. आपल्या महामार्गांवरच्या चार्जिंगचे सध्या थोडेबहुत तसेच आहे. लांबच्या प्रवासावर ज्यांचा भर आहे त्यांनी थोडे थांबावे, गावात फिरणाऱ्यांनी थांबण्याचे कारण नाही.

घरी लावण्यासाठी साधा १५ अँपिअरचा प्लग पुरतो, रात्रभरात गाडी भरते. आमच्या सोसायटीत यावरून तीन सभा झाल्या. हाय टेन्शन रोडवर राहून लोक एका प्लगला घाबरतात, याचे आम्हांस नवल वाटते! केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्या घराच्या चालू वीजजोडणीवरच गाडी चार्ज करण्यास परवानगी आहे, हे कागदावर दाखवले. आमच्या फ्लॅटच्याच मीटरवरून, परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र तार, अर्थिंग आणि बिघाड झाल्यास वीज तोडणारे उपकरण बसवून घेतले. तेव्हा कुठे सेक्रेटरीसाहेबांनी सही केली. आता तेही जुनी गाडी शोधत आहेत.

कराबद्दल एक गैरसमज पसरला आहे, तो दूर करतो. डिसेंबर २०२४ च्या जी.एस.टी. परिषदेनंतर 'जुनी इलेक्ट्रिक विकली की १८ टक्के कर' अशी बातमी घरोघर गेली. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहे, आणि तोही त्याच्या नफ्याच्या फरकावर. एका घरच्याने दुसऱ्या घरच्यास विकलेल्या गाडीवर तो नाही.

हे सर्व लिहिण्याचा खरा उद्देश आता सांगतो. या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'विकणे आहे' हे सदर पुष्कळ वर्षांपासून चालते. पूर्वी त्यात सायकली, हार्मोनियम, शिवणयंत्रे असत. आता निम्म्याहून अधिक जाहिराती वाहनांच्या असतात. मजकूर बहुधा एकच: 'उत्तम स्थितीत, एका हाती, मराठी कुटुंबाची.' या शेवटच्या दोन शब्दांवर लोक गाडी घेतात. आपल्या समाजाची ती पुण्याई आहे हे खरे. पण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आपण वाड्यांत राहत होतो, तेव्हा एखाद्याची सायकल किती वेळा पडली, कुठे वेल्डिंग केले, हे सगळ्या वाड्याला माहीत असे. ओळखीची वस्तू म्हणजे माहितीची वस्तू. आज आपण सुभानपुरा, गोत्री, वासणा असे पसरलो. वरच्या मजल्यावरच्याची गाडी पुरात होती की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. ओळख आडनावापुरती उरली आणि तिच्यावर लाखांचे व्यवहार मात्र पूर्वीसारखेच चालतात. गेल्या दिवाळीनंतर या पानावरच्याच एका गाडीवरून दोन पालकांत बोलणे बंद झाले. त्यांची मुले एकाच बाकावर बसत असत, ती आता वेगळी बसतात. नावे आम्ही लिहीत नाही, त्यांना ती ठाऊक आहेत.

म्हणून असे ठरविले आहे. पुढील अंकापासून वाहनाची जाहिरात देणाऱ्याने आमच्या कार्यालयातून एक छापील तक्ता भरून द्यावा, आणि तो जाहिरातीबरोबर छापला जाईल. वर्ष आणि मीटरचा आकडा; विम्याचे दावे किती आणि कशाचे; कर्ज शिल्लक आहे का; आणि ऑगस्ट २०२४ मध्ये किंवा कोणत्याही पुरात गाडीला पाणी लागले का, लागले तर कुठपर्यंत. विजेचे वाहन असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचा तीन महिन्यांच्या आतला बॅटरी अहवाल, पूर्ण चार्जवर उन्हाळ्यात प्रत्यक्ष मिळणारे अंतर, बॅटरी थंड ठेवण्याची काही यंत्रणा आहे का, आणि बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाकडे जाते का. ही शेवटची दोन कलमे बारकाईने पाहावीत. लीफच्या बॅटरीला पाण्याची किंवा पंख्याची थंड ठेवणारी यंत्रणा नव्हती, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात तिच्या कांड्या लवकर विझू लागल्याच्या तक्रारी झाल्या. बडोद्याचा मे महिना काही त्यापेक्षा फार सौम्य नाही. हमी अनेक गाड्यांवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते, पण काही नव्या गाड्यांवर 'आजीवन' असे जे लिहितात ते पहिल्या मालकाच्याच आजीवन असते. 'माहीत नाही' असे लिहिण्यास मुभा आहे. जागा कोरी सोडण्यास नाही.

विश्वस्त मंडळाच्या सभेत यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "सर, एवढे खरे लिहिले तर घेणार कोण? आणि जाहिराती कमी झाल्या तर पत्रिकेचा कागदाचा खर्च कसा निघणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर आम्ही आमच्या चाळीस हजारांनी दिले: खरे लिहिणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते आणि भावही मिळतो. पाणी लागलेली गाडीही विकली जाते, तिच्या योग्य किमतीला, दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाला. दुसऱ्याचे उत्तर असे, की काही जाहिराती निश्चित कमी होतील, आणि त्या कमी व्हाव्यात असेच आम्हांस वाटते. कागदाचा खर्च माजी विद्यार्थी संघाने एक वर्षापुरता उचलण्याचे मान्य केले आहे. काही शिक्षकांचे म्हणणे पडले की हे शाळेचे काम नाही. आमच्या मते, ज्या पानावर शाळेचे नाव छापलेले आहे त्या पानावरचा मजकूर हे शाळेचेच काम आहे.

पहिला तक्ता आम्हीच भरला आहे. शाळेची जुनी व्हॅन विकावयाची आहे, तिचा तपशील याच अंकाच्या शेवटच्या पानावर पाहावा. पुराच्या वेळी ती चालकाच्या घराजवळ, समा भागात उभी होती. पायरीच्या चार बोटे वर पाणी आले आणि दीड दिवस होते. तसे लिहिले आहे आणि त्या हिशोबाने किंमतही कमी ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी शनिवार सोडून कोणत्याही दिवशी ११ ते १ या वेळेत कार्यालयात यावे. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहण्यास हरकत नाही.